गुंतवणुकीची पुस्तकं: आधी छपाईचं साल बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३१, नोकरी विक्रोळीला, हातात महिन्याला ६५ हजार येतात. वडिलांनी काढून दिलेल्या दोन विमा पॉलिसी आहेत, एक एसआयपी (म्युच्युअल फंडातला दरमहाचा ठरावीक हप्ता) ऑफिसातल्या मित्राने सांगितली म्हणून चालू केली आहे, आणि आता नीट शिकून शेअर घ्यायचे आहेत. त्यासाठी दहा पुस्तकांची यादी हवी, मराठीत असली तर उत्तम.

दहा सांगत नाही. ज्यांच्या कपाटात अशी दहा असतात त्यांची दहाही पहिल्या तीस पानांपर्यंतच वाचलेली असतात. मी २७ वर्षं दादर-परळ-मुलुंड पट्ट्यात म्युच्युअल फंडांचं वितरण करते, लोकांच्या घरी बसून कागद भरते, त्यामुळे त्यांची कपाटंही दिसतात. वितरक म्हणजे तुम्ही पैसे गुंतवलेत की मला कमिशन मिळतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवाल.

पुस्तक हातात घेतलंत की मागचं कव्हर वाचू नका. पहिली दोन पानं उलटून ते कुठल्या सालचं आहे ते बघा. मागे एका गुंतवणूकदाराचा मुलगा माझ्याशी भांडायला आला होता. मी म्हटलं होतं की शेअर विकलेस तर नफ्यावर कर लागेल. त्याने फोर्टच्या फुटपाथवरून घेतलेलं पुस्तक पुढे केलं: वर्षभर ठेवलेल्या शेअरवर कर नाही, छापलेलं आहे. पुस्तक खरंच बोलत होतं, फक्त ते २००९ सालचं होतं. २०१८ पासून तो कर परत आला, लाखाच्या वरच्या नफ्यावर १० टक्के. आणि २३ जुलै २०२४ पासून सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. (त्या पुस्तकात पान ११२ नंतर थेट १४५ होतं, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. फुटपाथवरच्या नकली प्रती घेऊ नका.)

पैशाच्या पुस्तकात भाजी असते आणि लोणचं असतं. कर, व्याजदर, योजना, त्यांचे नियम ही भाजी. माणूस घाबरला की काय करतो, शेजाऱ्याला फायदा झालेला बघून काय करतो, दुसऱ्याच्या सल्ल्यात त्याचा स्वार्थ कुठे लपलेला असतो, हे लोणचं. जुनं होईल तसं मुरतं. भाजी किती लवकर पिवळी पडते बघा. म्युच्युअल फंडात पैसे घालतानाच कापला जाणारा एन्ट्री लोड ऑगस्ट २००९ मध्ये बंद झाला. कमिशन वगळून घेता येणारे डायरेक्ट प्लॅन जानेवारी २०१३ मध्ये आले. डेट फंडातल्या, म्हणजे रोख्यांत पैसे घालणाऱ्या फंडातल्या, नव्या गुंतवणुकीला महागाईची वजावट देऊन कर आकारणं एप्रिल २०२३ पासून थांबलं. बँक बुडाली तर मिळणारं ठेवीवरचं विमासंरक्षण फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाखांवर गेलं. यातलं काहीही २००८ च्या पुस्तकात सापडणार नाही, आणि तो लेखकाचा दोष नाही. म्हणून पैसे देऊन विकत घ्यायचं ते लोणचं. भाजी ताजी मिळते, तीही फुकट. कुठे, ते पुढे सांगते.

सुरुवात मॉर्गन हाउजेलच्या 'द सायकॉलॉजी ऑफ मनी'ने करा. २०२० चं पुस्तक आहे, मराठी अनुवाद सहज मिळतो, प्रकरणं छोटी आहेत. विक्रोळी ते सीएसएमटी एक प्रकरण आरामात होतं, बसायला जागा मिळाली तर. अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये पेट्रोल पंपावर आणि नंतर झाडू मारायच्या कामावर असलेले रोनाल्ड रीड नावाचे गृहस्थ २०१४ साली ९२ व्या वर्षी वारले आणि मागे ८० लाख डॉलरच्या वर संपत्ती निघाली, ही त्यातली गोष्ट सगळ्यांना आठवते. गोष्ट ऐकून लोक म्हणतात, बचत केली की झालं. मी म्हणते त्यातला काळ बघा: हातात होते तेवढ्या पैशांत चांगले शेअर घेऊन त्या माणसाने काही दशकं नुसती वाट पाहिली. पुस्तकात सूत्रं पाठ करायची नाहीत, अमुक फंड घ्या असा सल्ला नाही, आणि म्हणूनच ते लवकर शिळं होणार नाही.

दुसरं मोनिका हलन यांचं 'लेट्स टॉक मनी', २०१८ चं, इंग्रजीत. पण भाषा इतकी सोपी की अडणार नाही. मी सगळ्यात जास्त वेळा दिलेलं आणि सगळ्यात कमी वेळा परत आलेलं पुस्तक हेच. त्यातली तीन खात्यांची मांडणी आधी अमलात आणा, मग पुढची पानं वाचा. पगार एका खात्यात येतो. महिन्याच्या खर्चाचे पैसे दुसऱ्यात जातात, गुंतवणुकीचे तिसऱ्यात. खर्चाच्या खात्यात खडखडाट झाला की महिना संपेपर्यंत बाहेरचं जेवण बंद. आपल्या आज्या पिठाच्या, रॉकेलच्या, लाइट बिलाच्या वेगवेगळ्या पाकिटांत पैसे घालून ठेवायच्या, तेच हे. त्यानंतर हलन यांनी सांगितलेला क्रमही सोडू नका: आधी अडीअडचणीचा निधी, मग आरोग्य विमा, घरात कोणी तुमच्यावर अवलंबून असेल तर टर्म विमा (माणूस गेला तरच पैसे मिळतात असा निव्वळ विमा), आणि मग गुंतवणूक. करांचे आकडे मात्र या पुस्तकातून घेऊ नका. का, ते वर सांगितलंच.

या दोन पुस्तकांनंतर एक काम आहे, तेवढं केल्याशिवाय तिसऱ्याला हात लावू नका. घरातली पॉलिसीची फाइल काढा.

गेल्या पावसाळ्यात परळला एका घरी गेले होते. वडिलांची २० वर्षांची पॉलिसी पूर्ण झाली होती, टेबलावर पेढे होते. वर्षाला २४ हजारांचा हप्ता, एकूण भरले ४ लाख ८० हजार, हातात आले ८ लाख ८३ हजार. "जवळजवळ दुप्पट!" असं काका दोनदा म्हणाले. त्यांच्या मुलाने मला मुद्दाम लॅपटॉप आणायला सांगितलं होतं. एक्सेलच्या एका रकान्यात वीस तारखा घातल्या, शेजारी वीस वेळा वजा २४ हजार, एकविसाव्या ओळीत अधिक ८ लाख ८३ हजार, आणि खाली एक्सआयआरआरचं सूत्र, म्हणजे वेगवेगळ्या तारखांना भरलेल्या पैशांवर वर्षाला किती टक्के सुटले ते काढणारं. उत्तर आलं साडेपाच टक्के. मुलगा म्हणाला, तारीख चुकली असेल, परत टाका. परत टाकली. तेच. आजच्या ७.१ टक्के दराने पीपीएफमध्ये तेवढेच पैसे, तेवढीच वर्षं भरले असते तर १० लाख ६५ हजार होतात, तोही हिशेब त्यानेच करून घेतला. आणि त्यांच्या त्या २० वर्षांतली बरीचशी वर्षं पीपीएफचा दर याहून वरच होता. काकूंनी विचारलं, "पण विमा होता ना?" होता. ४ लाखांचा. पाच माणसांचं घर चालवणाऱ्या एकट्या कमावत्या माणसाचा. काका गप्प झाले. पेढा खाऊन मी निघाले. पॉलिसी विकणारे त्यांचे सख्खे मेहुणे होते, आणि फसवायचा त्यांचा काहीच हेतू नव्हता. त्यांनाही तो आकडा कधी कोणी काढून दाखवला नव्हता.

हा हिशेब तुम्ही स्वतःच्या दोन पॉलिसींवर एकदा स्वतःच्या हाताने केलात की चक्रवाढीवरची शंभर पानं वाचायची गरज उरत नाही.

आता ग्रॅहम. बेंजामिन ग्रॅहमचं 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर' १९४९ साली आलं, त्याने स्वतः शेवटची आवृत्ती १९७३ ला केली. प्रत्येक यादीत ते पहिलं असतं आणि माझ्या माहितीतल्या दहांपैकी नऊ जणांनी ते अर्ध्यात टाकलं आहे. त्यांची चूक नाही. अमेरिकी रेल्वे कंपन्यांच्या रोख्यांबद्दल पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेलं आपण आज का वाचावं? तुम्ही फक्त आठवं आणि विसावं प्रकरण वाचा. वॉरन बफेही याच दोन प्रकरणांकडे बोट दाखवतात. विसाव्यात सुरक्षेच्या अंतराची गोष्ट आहे: शंभराची वस्तू साठ-सत्तरला मिळत असेल तरच घ्या, म्हणजे आपला अंदाज चुकला तरी फार लागत नाही. आठव्यात मिस्टर मार्केट नावाचा भागीदार आहे. तो रोज दारात येऊन तुमच्या हिश्श्याचा भाव सांगतो, कधी खुशीत, कधी रडत.

हे मला पुस्तक वाचून नाही, माझ्या नणंदेच्या मुलुंडच्या फ्लॅटमुळे समजलं. तो फ्लॅट तिने १९ वर्षं ठेवला आणि ती सगळ्यांना सांगते की जागेसारखी कमाई कशातच नाही. या १९ वर्षांत तिच्या दारावर रोज सकाळी कोणी "आज तुमचा फ्लॅट ४ टक्क्यांनी उतरला हो" असं ओरडत आलं असतं, तर तिने तो २००८ सालीच विकला असता. फ्लॅटचा भाव रोज कळत नाही म्हणून तो आपण ठेवतो. शेअरचा मोबाइलवर सेकंदासेकंदाला कळतो म्हणून विकतो. २३ मार्च २०२० ला, लोकल बंद झाल्या त्याच दिवशी, सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के पडला. संध्याकाळपर्यंत माझा फोन गरम झाला होता. "सगळं काढून टाका" म्हणणाऱ्यांत एक गृहस्थ असे होते, की ज्यांनी मला ग्रॅहमचं पुस्तक भेट दिलं होतं. स्वतःची सही करून.

म्हणून वाचलेलं अंगात उतरलं आहे की नाही, हे पडत्या बाजारातच कळतं. तोवर ग्रॅहमचाच एक साधा नियम धरा: शेअरचा हिस्सा एकूण पैशांच्या पाऊण भागाच्या वर नाही आणि पाव भागाच्या खाली नाही, बाकीचं स्थिर व्याजाच्या साधनांत.

पीटर लिंचचं 'वन अप ऑन वॉल स्ट्रीट' (१९८९) वाचायला सगळ्यात मजेदार, आणि माझ्यासाठी सगळ्यात महागडं पुस्तक. १९७७ ते १९९० या काळात लिंचने मॅगेलन फंड चालवला आणि वर्षाला सरासरी २९ टक्क्यांच्या आसपास परतावा दिला, त्यामुळे त्याचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. मी ते १९९९ साली उसनं आणून वाचलं. आपल्या आजूबाजूला जे चांगलं चाललेलं दिसतं तिथून शोध सुरू करा, असं तो म्हणतो. मी आजूबाजूला पाहिलं. दादरला कॉम्प्युटर क्लासबाहेर पोरांच्या रांगा होत्या. असे क्लास चालवणाऱ्या एका कंपनीचे ४० हजारांचे शेअर मी घेतले, आणि दीड वर्षात त्यातले ३४ हजार गेले. ती कंपनी आता बाजारात नोंदलेलीही नाही.

पुस्तक पुन्हा उघडलं तेव्हा कळलं, की रांग बघा हे वाक्य सुरुवातीला आहे आणि पुढची दोनशे पानं रांग दिसल्यानंतर काय तपासायचं त्याची आहेत. कर्ज किती, नफा वाढतो आहे की नुसती विक्री, भाव नफ्याच्या किती पट. मी ती पानं चाळली होती, वाचली नव्हती. त्याने कंपन्यांचे जे सहा प्रकार पाडले आहेत (संथ वाढणाऱ्या, दमदार मोठ्या, वेगाने वाढणाऱ्या, चक्राने वरखाली होणाऱ्या, बुडता बुडता सावरणाऱ्या आणि दडलेली मालमत्ता असणाऱ्या), ते कागदावर लिहून तुम्हाला माहीत असलेली एकेक भारतीय कंपनी त्या रकान्यात बसवून बघा. पोलाद कुठे बसतं? साबण कुठे? हा खेळ एका रविवारचा आहे.

हे सगळं करायला वेळ नाही असं वाटलं, आणि ९ ते ६ नोकरी करणाऱ्या बहुतेकांना तो नसतोच, तर जॉन बोगलचं 'द लिटल बुक ऑफ कॉमन सेन्स इन्व्हेस्टिंग' घ्या. खर्च कमी ठेवा, अख्खा बाजार विकत घ्या, बसून राहा. दोनशे पानांत हे एकच वाक्य आहे, पण पुन्हा पुन्हा ऐकावं असं. माझ्यासारख्या कमिशनवाल्या बाईने हे सुचवणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा, तरी सुचवते. आणि असा अख्खा बाजार घेणारा इंडेक्स फंड म्हणजे काहीतरी विलायती असं वाटत असेल, तर तुमच्या पीएफमधला थोडा हिस्सा ऑगस्ट २०१५ पासून सेन्सेक्स-निफ्टीवर चालणाऱ्या ईटीएफमध्ये, म्हणजे शेअरसारख्या बाजारात घेता येणाऱ्या इंडेक्स फंडांत, जातोच आहे.

आपल्या मातीतली दोन. पराग पारिख हे मुंबईचे ब्रोकर होते; त्यांचं २००५ चं 'स्टॉक्स टू रिचेस' छोटं पुस्तक आहे. तोट्यातला शेअर विकवत नाही, फायद्यातला लगेच विकला जातो, बोनसचा पैसा पगाराच्या पैशापेक्षा हलका वाटतो, या सगळ्या खोडी भारतीय उदाहरणांनी सांगितल्या आहेत. दुसरं देबाशिस बसू आणि सुचेता दलाल यांचं 'द स्कॅम', १९९३ चं. वेबमालिका पाहिली असली तरी वाचा. मालिकेत हर्षद मेहता हिरो वाटतो. पुस्तकात बँकांच्या पावत्या आणि रेडी फॉरवर्डचे (आज रोखे विकून ठरल्या दिवशी परत घ्यायचे) व्यवहार कसे चालले ते ओळीने येतं, आणि कोणी हिरो वाटत नाही. गुंतवणूक कशी करायची ते यात नाही. तेजीत शहाणी माणसंही प्रश्न विचारणं कसं बंद करतात, ते आहे.

'रिच डॅड पुअर डॅड' विचाराल हे माहीत आहे, सगळेच विचारतात. खिशात पैसा आणते ती मालमत्ता, खिशातून नेते ती देणी, एवढा धडा घ्या आणि पुस्तक पुढच्याला द्या. कर्ज काढून घरामागे घर घ्यायचा त्यातला उत्साह मुंबईत आणलात तर आकडे जुळत नाहीत. सव्वा कोटीचा फ्लॅट ३० हजार भाड्याने गेला तर वर्षाला ३ लाख ६० हजार, म्हणजे ३ टक्क्यांच्याही किंचित खाली. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स आणि मालमत्ता कर वजा. गृहकर्जाचा दर किती आहे ते तुम्हाला माहीत आहे.

ट्रेडिंगची, चार्टची, 'रोज हजार कमवा' छापाची पुस्तकं दुकानात सगळ्यात दर्शनी ठेवलेली असतात. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावरच्या सौद्यांत, उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, एकत्रित तोटा १.८ लाख कोटींच्या वर. सकाळच्या लोकलमध्ये दाराशी लटकून ऑप्शनचा भाव बघणारी पोरं मला रोज दिसतात. त्यांना मी काही सांगत नाही, विचारलंत म्हणून तुम्हाला सांगते.

आता ताजी भाजी. सेबीची आर्थिक शिक्षणाची पुस्तिका मराठीत आहे, त्यांच्या गुंतवणूकदारांसाठीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. थोडं मोठं काही हवं असेल तर एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेचं पाचव्या मालिकेतलं 'अ' वर्कबुक, म्हणजे आम्हा वितरकांना ज्यावर परीक्षा द्यावी लागते ते. शंभर प्रश्न, दोन तास, पन्नास टक्क्यांना पास, आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण. त्यामुळे मजकूर सुधारत राहतो. भाषा सुकी भाकरी आहे, पण तुमचा वितरक काय म्हणू शकतो आणि काय म्हणू शकत नाही, हे त्यात कळतं. त्याच संस्थेची सामान्य गुंतवणूकदारांसाठी एक मोफत परीक्षाही आहे. शिवाय सोमवारी 'लोकसत्ता'ची 'अर्थवृत्तांत' पुरवणी चाळा.

एक गोष्ट मात्र कुठल्याही अमेरिकी पुस्तकात सापडणार नाही आणि आपल्याकडच्या घरांत तिच्यावाचून पैसे बुडतात. ठेवीवरचं ते ५ लाखांचं विमासंरक्षण बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पतपेढ्यांना नाही. जास्तीच्या एक-दीड टक्क्यासाठी आईवडिलांची ठेव कोपऱ्यावरच्या पतपेढीत असेल तर हे त्यांना आजच सांगा.

पुस्तकं विकत घेण्याआधी वाचनालयात बघा. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. डोंबिवलीत कोणी नातेवाईक असेल तर पै लायब्ररी. दोन प्रकरणं वाचून आवडलं तरच घ्या.

राहिली ती एसआयपी. मित्राने सांगितलेल्या फंडाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला ते नकोही आहे. खात्याच्या स्टेटमेंटवर योजनेच्या नावापुढे 'रेग्युलर' लिहिलं आहे की 'डायरेक्ट' ते बघा. रेग्युलर असेल तर कोणाला तरी त्यातून दरवर्षी कमिशन जातं आहे. तो माणूस त्याबदल्यात तुमच्यासाठी काय करतो ते त्याला विचारा. मलाही लोक विचारतात.

आणि दोन पॉलिसींपैकी पुढचा हप्ता आधी कुठल्या पॉलिसीचा येतो ते बघून त्या तारखेआधी एक्सआयआरआर काढा. कंपनीकडून आजची सरेंडर रक्कम (आज मोडली तर मिळेल ती) लेखी मागवा, पेडअप केली, म्हणजे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली, तर शेवटी किती मिळेल तेही मागवा. चालू ठेवायची, पेडअप करायची की मोडायची, हे तीनही आकडे शेजारी मांडल्याशिवाय ठरवू नका. टर्म विमा हातात येईपर्यंत तर मोडूच नका.